ट्रस्टचा रस्ता आणि रुळांपलीकडची वस्ती

भायखळ्यापासून शीवपर्यंत जाणाऱ्या ज्या रस्त्याला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात, त्याच्या दादर-माटुंग्याकडील भागाला माझे वडील शेवटपर्यंत व्हिन्सेंट रोड म्हणत. तरुणपणी त्यांनी तो त्याच नावाने ओळखला होता. कोण्या व्हिन्सेंटसाहेबाचे नाव गेले आणि आपल्या बापाचे नाव आले ह्याचा त्यांना अभिमान होता. पण ते गोदीत राबलेले, हिशेबी माणूस होते. म्हणत, "पाटी आपली झाली, रस्ता अजून व्हायचाय." हे वाक्य मी अनेक वर्षे भाषणांतून वापरले. लोक टाळ्या वाजवीत. त्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला.

गेल्या एप्रिलात अँटॉप हिलच्या आमच्या वस्तीत जयंतीनिमित्त अभ्यासवर्ग होता. विषय ‘बाबासाहेब आणि मुंबई’. परळची चाळ, दामोदर हॉल, नायगावच्या चाळी, आंबेडकर भवन, राजगृह अशी स्थळे मी ओळीने सांगत होतो. बारावीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ही सगळी ठिकाणे एकाच रस्त्याच्या आजूबाजूला आहेत. आता तिथे टॉवर होतायत. ते कसे व्हावेत हे आपल्याला कोणी विचारले का?" मी ‘नाही’ म्हणालो. तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला, "मग आपण आपणहून सांगितले का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या चळवळीला तोंडपाठ आहे. दुसऱ्याचे नाही.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला आणि शहर ओस पडू लागले. व्यापार बुडण्याच्या भीतीने सरकार हलले आणि १८९८ मध्ये कायदा होऊन बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ ठरवलेल्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, समुद्रावरची हवा शहराच्या पोटात न्यायची आणि उत्तरेच्या मोकळ्या जमिनींवर नवी उपनगरे आखायची, हे त्याचे काम. पहिला हातोडा नागपाड्यावर पडला. पुढे प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, आज ज्याला मोहम्मद अली रोड म्हणतो तो रस्ता, असे एकेक रस्ते दाट वस्ती चिरून काढले गेले. ट्रस्टच्या कारभारावर सरकार, म्युनिसिपालिटी, व्यापारी आणि पोर्ट ट्रस्ट ह्यांची माणसे होती. ज्याची खोली पडणार त्याची बाजू मांडणारा तेथे कोणीही नव्हता. पहिल्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. हटवलेली माणसे शेजारच्या गल्लीत कोंबली गेली आणि मग ती गल्लीही गलिच्छ ठरली. सुधारणेचा हा फेरा पुढे वेगवेगळ्या नावांनी सव्वाशे वर्षे चालू राहिला आहे.

ट्रस्टला रस्ता म्हणजे हवा आणि गाड्या जाण्याची वाट एवढेच दिसत होते. रस्त्यावर माणूस बसतो, शिवतो, विकतो, झोपतो, तेथेच त्याचे पोट आणि तेथेच त्याची पाठ, हे त्या नकाशात कोठे बसत नव्हते. पांढरपेशा माणसाचे घर एका ठिकाणी आणि कचेरी दुसऱ्या ठिकाणी. ट्रस्टच्या इंजिनियरचेही तसेच. घर वेगळे, धंदा वेगळा हा त्याच्या जीवनाचा साचा होता आणि तोच त्याने शहराला लावला. आमच्या माणसाच्या हातात मात्र जे काम जातीने दिले, ते त्याच्या उंबरठ्यावरच चाले. गिरणीत विणकाम खात्याची दारे त्याला बंद होती, कारण तुटलेले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्याच्या उष्ट्याचा विटाळ होई. म्हणून गिरणीच्या कमी पगाराला घरातल्या बाईच्या मजुरीची, टोपलीची, खानावळीची जोड द्यावी लागे. घर आणि धंदा एकत्र असणे ही त्याची गबाळी सवय नव्हती. त्यावाचून त्याची चूल पेटत नव्हती.

ह्या ट्रस्टच्या इतिहासात एक गोष्ट आहे, ती आपण पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. बाबासाहेबांची मुंबईतील दोन्ही मोठी निवासस्थाने ट्रस्टच्याच नकाशातली आहेत. परळच्या बी. आय. टी. चाळीतल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत ते १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ राहिले. बी. आय. टी. ही अक्षरे म्हणजेच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी राजगृह बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे ट्रस्टने शतकाच्या आरंभी आखलेल्या दादर-माटुंगा योजनेच्या जमिनीवर. एकाच ट्रस्टचे हे दोन हात. एका हाताने त्याने कामगाराला रांगेने खोल्या आणि सामाईक नळ-संडास दिले. दुसऱ्या हाताने मध्यमवर्गाला झाडे लावलेले रस्ते, बागा आणि स्वतंत्र इमारतींचे प्लॉट दिले. दादर-माटुंग्यात पारशांची कॉलनी झाली, हिंदू कॉलनी झाली, दक्षिणेकडच्या ब्राह्मणांची माटुंगा वसाहत झाली. नकाशावर कोठेही जात लिहिलेली नव्हती. तरी जातवार वसाहती उठल्या, कारण प्लॉट घेणाऱ्या सोसायट्याच जातवार होत्या. गावात जे काम रूढीने होई ते येथे सहकारी तत्त्वावर झाले.

परदेशातून शिकून आलेल्या माणसाला १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही आणि पारशांच्या धर्मशाळेतून काठ्या दाखवून बाहेर काढले गेले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच माणसाने पुढे हिंदू कॉलनीच्या मध्यभागी पुस्तकांसाठी घर बांधले. त्याला आपण ज्ञाननिष्ठा म्हणतो ते खरेच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्यांनी नकाशा वाचला होता. कोणती जमीन कोणासाठी राखली जाते आणि आपण तेथे उभे राहिल्याने काय बदलते, हे त्यांना कळत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवावर त्यांनी जो घणाघात केला तो ह्याच अनुभवातून आला होता. आपल्या माणसाला शहराकडे या म्हणताना शहरातही गावकूस उभे राहते हे त्यांना अज्ञात नव्हते.

ते गावकूस कोठे आहे हे पाहायचे असेल तर माटुंग्याकडून आमच्याकडे यावे. कॉलन्या संपतात, हार्बर रेल्वेचे रूळ लागतात आणि रुळांपलीकडे वडाळा आणि अँटॉप हिल सुरू होते. १८९० मध्ये शहराला रस्त्यांवरचे महारोगी नकोसे झाले तेव्हा त्यांच्यासाठी ह्याच बाजूला आश्रम काढला गेला. आज त्याला अ‍ॅकवर्थ रुग्णालय म्हणतात. ज्या म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थच्या नावाने ते ओळखले जाते, त्याने शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. साहेबाला आमच्या शाहिरांचे कौतुक होते आणि शहराची हद्द कोठे संपते हेही ठाऊक होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात. बाकी येथे मिठागरे होती. कोरबा मिठागर, कोकरी आगार ही वस्त्यांची नावे अजून त्याची साक्ष देतात. शेख मिस्रींचा दर्गा होता, पलीकडे शीवचे कोळी होते. स्वातंत्र्यानंतर फाळणीत उखडलेले पंजाबी-सिंधी निर्वासित शीव-कोळीवाड्याला आले, केंद्र सरकारच्या नोकरांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि उरलेल्या खाजणावर, नाल्याकडेने, ज्यांना कोणी जागा दिली नाही ते स्वतः भर घालून बसले. गोदीतले, सफाईतले, नाक्यावरचे. आपली माणसे त्यांत होती, मुसलमान होते, तमिळ होते. जमीन शहराने केली नाही, आम्ही केली. डेब्रिज, राख आणि गोणपाट टाकून केली. कायद्याच्या भाषेत त्याला अतिक्रमण म्हणतात.

१९२० मध्ये आलेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला चाळी बांधल्या. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्यांवर तो थांबला. १६० चौरस फुटांची काँक्रीटची खोली. भाडे जास्त आणि गिरणी लांब, म्हणून पुष्कळ खोल्या आधी ओसच पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणूनही उपयोग केला. मग माणसे आली आणि त्यांनी त्या तुरुंगासारख्या खोल्यांचे घर केले. व्हरांड्यात शिलाई मशीन बसले, जिन्याखाली इस्त्रीवाला आला, पटांगणात कलापथके उभी राहिली. नायगावच्या आणि वरळीच्या ह्या चाळींनी चळवळीला किती कार्यकर्ते दिले ह्याची मोजदाद कोणी केलेली नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल झाली आणि परळच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले, तोही ह्याच परिसराचा इतिहास आहे. आता ह्या चाळींचा पुनर्विकास म्हाडा करीत आहे. ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते आणि वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला हे घर हवे आहे, आणि ते त्याला मिळालेच पाहिजे. चाळींचे गोडवे गाणारे लेखक सहसा चाळीत राहत नाहीत. माझे म्हणणे वेगळे आहे. घर मोजले गेले; व्हरांडा, जिन्याखालची जागा, पटांगण मोजले गेले का? चाळींना नावे देण्याची वेळ आली तेव्हा तीन राजकीय पुढाऱ्यांची नावे पुढे आली. पटांगणाला तर नावही नव्हते, मग त्याचा हिशेब कोण ठेवणार?

मोजणी हा ह्या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे असे मला वाटू लागले आहे. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक फोटोपास आहे. ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईभर एकाच दिवशी झोपड्यांची गणना झाली. तिच्या आधारे पुढे हे पास मिळाले. फोटोत वडील पुढे बसलेले, आई पदर सावरून उभी, आम्ही भावंडे बावरलेली. त्या फोटोत आईचे शिलाई मशीन नाही. फोटोच्या वेळी ते बाजूला सरकवले होते, कारण "धंदा दिसला तर पास देणार नाहीत" असे कोणीतरी म्हणाले होते. ते खरे होते की खोटे, कोणास ठाऊक. पण ज्या मशीनवर आमच्या शाळेची फी भरली गेली, ते सरकारदरबारी कधी अस्तित्वातच आले नाही.

पन्नास वर्षांत कागदाचे नाव बदलले आहे. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली. आता वस्तीचे भवितव्य ‘परिशिष्ट दोन’ नावाच्या यादीत ठरते. पात्र आणि अपात्र. निवासी, अनिवासी, संयुक्त. फुकट मिळणारे घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि नंतर ३०० झाले. रहिवाशांच्या संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ वर आली. फूट वाढले आणि संमती घटली, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. मोजला जातो तो तळमजला. पोटमाळ्यावर भाड्याने राहणारा मुलगा, दुपारी ओट्यावर पाकिटे शिवणाऱ्या बाया, रात्री बंद दुकानाच्या फळीवर झोपणारा हमाल, हे यादीत येत नाहीत. जी वस्ती आडवी पसरून जगत होती ती उभी केली की सातव्या मजल्यावरच्या बाईला इडलीचे भांडे घेऊन खाली रस्त्यावर बसता येत नाही आणि बसली तर ती फेरीवाली ठरते. घर मिळाले आणि पोट गेले, म्हणून घर विकून पुन्हा एखाद्या नाल्याकडेला गेलेली कुटुंबे आमच्याच ओळखीत आहेत. मग सभ्य लोक म्हणतात, ह्यांना घरे दिली तरी विकतात!

ही दृष्टी केवळ आपल्याच देशातली नाही. अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर शहरांच्या नूतनीकरणाच्या नावाखाली काळ्यांच्या वस्त्याच्या वस्त्या बुलडोझरखाली गेल्या. १९६१ मध्ये जेन जेकब्स ह्या बाईने न्यूयॉर्कमधल्या आपल्या गल्लीचे निरीक्षण करून दाखवले की घर, दुकान आणि कारखाना एकत्र असलेला रस्ताच सुरक्षित आणि जिवंत असतो. हे सिद्ध करायला तिला पुस्तक लिहावे लागले. आमच्या कोणत्याही मावशीने ते ओट्यावर बसून सांगितले असते. पण मावशीचे कोणी लिहून घेतले नाही, आणि तीच तर आपली अडचण आहे.

लिहून घेण्याची परंपरा मुंबईत मुळी नव्हतीच असे मात्र नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या पहिल्या अध्यापकपदावर आलेले पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार होते. पाडापाडीच्या आधी गल्लीगल्लीतून पायी हिंडा, काय टिकवता येईल ते पाहा, कमीत कमी कापा, असे त्यांचे सांगणे. भारतातल्या अनेक शहरांसाठी त्यांनी असे अहवाल लिहिले. मुंबईत त्यांचे शिष्य प्राध्यापक झाले आणि नकाशे इंजिनियरांच्याच हाती राहिले.

त्याहून मोठे काम केले ते फुटपाथवरच्या बायांनी. जुलै १९८१ मध्ये भर पावसात फुटपाथवासीयांना बसमध्ये कोंबून शहराबाहेर घालवण्याची मोहीम निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे न्यायालयाने मान्य केले, आणि त्याच निकालाने योग्य नोटीस देऊन झोपड्या हटवण्याचा मार्गही मोकळा ठेवला. ह्याच सुमारास भायखळ्याच्या ई विभागात ‘स्पार्क’ संस्थेने फुटपाथवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. ही माणसे कोठून आली, काय करतात, कामाच्या किती जवळ राहतात हे प्रथमच लिहिले गेले. मग महिला मिलनच्या बायांनी पुठ्ठा आणि कापड लावून खऱ्या मापाची घरे उभी केली. छत चौदा फुटांवर घ्या, म्हणजे पोटमाळा निघतो, हे त्यांनी इंजिनियरांना उभे करून दाखवले. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या बाया टेप धरून आपल्या घराचे माप सांगत होत्या. आपल्या साहित्यात फुटपाथ खूप आला. त्यातल्या वेदनेने मराठी साहित्य हादरले, ते योग्यच झाले. पण हा टेप आपल्या कवितेत आला नाही.

दुसरा प्रसंग अलीकडचा. मुंबईचा २०१४ ते २०३४ चा विकास आराखडा करण्यासाठी महापालिकेने आधी विद्यमान जमीनवापराचे नकाशे काढले. काही संस्थांनी आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी ‘हमारा शहर’ अभियानातून ते नकाशे वॉर्डावॉर्डात तपासले. वारसा इमारती आणि प्रार्थनास्थळे नीट दाखवलेली नव्हती. झोपडपट्टी म्हणजे एकसंध डाग. त्या डागात बालवाडी, दवाखाना, विहार, मदरसा, कारखाना काहीच दिसत नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा आला तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले दिसले. हजारो हरकती दाखल झाल्या आणि एप्रिलमध्ये तो मसुदा मागे घेऊन नव्याने करावा लागला. सुधारलेला आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. सामान्य माणसाने नकाशा वाचून सरकारला माघार घ्यायला लावल्याचे असे उदाहरण ह्या शहरात दुर्मिळ आहे. त्या हरकतींत आपल्या किती संघटनांच्या होत्या? मी ज्या संघटनेत आयुष्य घालवले तिची नव्हती. आम्ही त्या वर्षी इंदू मिलच्या स्मारकाच्या उंचीवर भांडत होतो.

स्मारकाला माझा विरोध नाही. तरी एक तुलना मनातून जात नाही. ट्रस्टनेच काढलेल्या मोहम्मद अली रोडला लागून भेंडीबाजारात २००९ पासून बोहरा समाजाचा सैफी बुर्‍हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट पुनर्विकास करीत आहे. १६.५ एकर, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने. घर आणि दुकान दोन्ही एकाच आराखड्यात धरलेली आहेत. तेथे धर्मगुरूचा शब्द चालतो आणि व्यापारी समाजाचा पैसा आहे; त्या पद्धतीत रहिवाशाचा आवाज किती, हाही प्रश्न विचारता येईल. पण आपला रस्ता आपण आखायचा एवढा आत्मविश्वास त्यांना कोठून आला? दुकानदाराने दुकान लपवले नाही. माझ्या आईने मशीन लपवले.

आणि आपल्याकडे काय झाले? १९४४ मध्ये बाबासाहेबांनी एक ट्रस्ट स्थापन केला, त्याचे नाव पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. सरकारी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३ मध्ये म्युनिसिपालिटीत विलीन झाला होता आणि अकरा वर्षांनी हा लोकांचा ट्रस्ट आला. नावांची ही जोडी मला फार अर्थपूर्ण वाटते. दादरच्या गोकुळदास पास्ता रोडवरील आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस ह्याच ट्रस्टच्या जागेवर. सभा, छपाई, राहणे, अभ्यास, सगळे एका आवारात. २५ जून २०१६ च्या पहाटे ते बुलडोझरने पाडले गेले. इमारत धोकादायक होती असे विश्वस्तांचे म्हणणे होते. जागी सतरा मजली इमारत उभी करण्याची योजना होती. १९ जुलैला भर पावसात प्रचंड मोर्चा निघाला. मीही होतो. घोषणा देता देता मनात येत होते की हा हातोडा ह्या वेळी कोण्या गोऱ्या साहेबाचा नाही. पहाटे, न विचारता, सुधारणेसाठी. ट्रस्टची ही रीत आपल्यातही उतरली होती. दामोदर हॉलचेही तसेच. ९ मार्च १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेसाठीची पहिली बैठक जेथे झाली, ते नाट्यगृह नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले तेव्हा नाटकवाल्यांनी आवाज उठवला. आपल्यातल्या फार थोड्यांना ती जागा आपलीही वाटली.

आपल्यातला शिकलेला वर्ग सरकारी वसाहतींत गेला, तेथून उपनगरात गेला. त्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही, कारण मीही मास्तर झाल्यावर दोनदा जायचा प्रयत्न केला. एकदा आडनाव ऐकून घरमालकाचे घर अचानक दिले गेले होते, एकदा पैसे कमी पडले. म्हणून वस्तीत राहिलो. माझ्या राहण्यात त्याग शोधू नये.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही काय केले ते सांगून थांबतो. आम्ही टेप आणला. अभ्यासवर्गातली पोरे, दोन बाया आणि मी. दर रविवारी आमच्या गल्लीचा एक तुकडा मोजायचा. नुसती लांबी-रुंदी नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या जागेवर कोण काय करते हे त्या घरातल्या बाईने सांगायचे आणि पोरांनी लिहायचे. पहिल्याच घरात भांडण झाले. "हे लिहून तुम्ही कोणाला देणार? बिल्डरला?" मावशींचा प्रश्न रास्त होता. वही कोणाकडे राहील ह्यावर दोन रविवार गेले. शेवटी ठरले की वही बायांच्या बचत गटाकडे राहील आणि प्रत काढायची तर गटाला विचारून. मोजणीपेक्षा हा ठराव मला महत्त्वाचा वाटतो.

वहीतले एक पान सांगतो. दर्ग्याच्या बाजूचा एक ओटा. पहाटे त्यावर दुधाच्या पिशव्या उतरतात. मग एक चप्पल शिवणारे मामा बसतात. ऊन चढले की ते पलीकडच्या सावलीत सरकतात आणि ओट्यावर मुलींची इमिटेशनच्या मण्यांची माळ ओवण्याची बैठक बसते. संध्याकाळी तेथे शिकवणी. रात्री मेहुण्याकडे आलेला एक तरुण झोपतो. ह्या ओट्याला परिशिष्टात कोणता रकाना द्यायचा? पोरांनी बराच विचार करून नवा रकाना काढला आणि त्यावर लिहिले, ‘वेळ’.

आमच्या भागातही पाहणीचे पथक येऊन गेले आहे. आम्ही वही दाखवली. पथकातला मुलगा आपल्याच वयाच्या पोरांची वही पाहून बराच वेळ उलटीत बसला आणि मग म्हणाला, त्याच्या फॉर्ममध्ये ह्यासाठी जागा नाही. त्याच्यावर मी रागावलो नाही. आम्ही बचत गटाची परवानगी घेऊन वहीची प्रत हरकतीच्या अर्जाला जोडली. पोचीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. ह्या वेळी आईच्या मशीनसारखे काही बाजूला सरकवायचे नाही, असे बायांनीच सर्वांना बजावले होते. तरी एका घरात पापडाची लाटणी चादरीखाली सापडली.

गल्लीची पूर्वेकडची बाजू अजून मोजायची राहिली आहे. तेथे भंगारवाले आहेत आणि ते रविवारी कामात असतात. म्हणून आता सोमवारी, शाळा सुटल्यावर.